‘खाजगी’ फोल्डरचा पूर्वेतिहास

आत्मपर लेखनाचा भाग शिकवून झाला की आम्ही विद्यार्थ्यांना एक पान स्वतःविषयी लिहून आणायला सांगतो. असेच एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे रेंगाळली. तिला विषयाबद्दल शंका नव्हती, शब्दमर्यादेबद्दलही नव्हती. ती म्हणाली, “मॅडम, लिहिते मी. पण लिहून ठेवू कुठे? घरात मोबाइल एकच आहे आणि वही तर कुणीही उघडतं.” आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी तिने पान आणून दिले आणि ते विभागाच्या कपाटातच राहू द्यावे अशी विनंती केली. ते पान अजून तिथेच आहे.

वाङ्मयेतिहास शिकवताना आपण ग्रंथ प्रकाशित कधी झाला ते सांगतो, फार तर लिहिला कधी गेला ते सांगतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो होता कुठे, हे आपण सहसा विचारत नाही. दैनंदिनी, पत्रे, आत्मचरित्रे यांचे विवेचन करताना लिहिणाऱ्याला स्वतःची अशी एखादी जागा होती हे आपण गृहीतच धरून चालतो. त्या मुलीच्या प्रश्नाने हे गृहीत आमच्यापुरते तरी मोडले. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या जालना जिल्ह्याच्या आसपासच सापडतो, असे आम्हांला वाटते. त्याची मांडणी करण्याचा हा प्रयत्न.

सुरुवात जवळच्या काळापासून करू. आम्ही एम. ए. करत होतो तेव्हा जालन्यासारख्या शहरात संगणक घरात यायला लागला होता. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला. नोकरीसाठी तो हवाच असे होत गेले, आणि ‘सरावाला’ म्हणून मध्यमवर्गीय घरांनी हप्त्यावर संगणक घेतले. तो बैठकीच्या खोलीत असे. त्याला शिवून घेतलेले कापडी आवरण असे. भारनियमनाच्या वेळा सांभाळून घरातली माणसे पाळीपाळीने त्याच्यापुढे बसत. वडिलांचे हिशेब, भावाचे खेळ, बहिणीचा बायोडेटा आणि लग्नातले फोटो असा सगळा संसार त्या एकाच पेटीत असे.

या संसारात ज्याला काही आपल्यापुरते ठेवायचे असे तो युक्त्या करी. ‘न्यू फोल्डर’च्या आत ‘न्यू फोल्डर’, त्याच्या आत आणखी एक, असे सातव्या पायरीवर जाऊन एखादी फाइल ठेवणारे आमचे मित्र होते. आमच्यापैकी एकीने आपल्या कवितांच्या फाइलला ‘भाषाविज्ञान टिपणे, पेपर ४’ असे नाव दिले होते. त्या नावाची फाइल घरात कोणी आपणहून उघडील ही शक्यताच नव्हती. ही तजवीज दीड-दोन वर्षे टिकली. मग एका रविवारी धाकट्या भावाने ताटावर बसल्या बसल्या त्यातली एक कविता मोठ्याने म्हणून दाखवली. कोणी रागावले नाही. सगळे हसले, आणि आई कौतुकानेच म्हणाली, “छान लिहितेस की गं! मग लपवतेस कशाला?” त्या दिवसानंतर त्या फाइलमध्ये एकही ओळ वाढली नाही.

आईच्या त्या प्रश्नात वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. उत्तराचा एक भाग त्या काळच्या यंत्राच्या घडणीत आहे. विंडोज ९८ ज्या ‘फॅट’ पद्धतीने डिस्कवर फाइल साठवी, त्या पद्धतीत फाइलचे नाव, आकार, तारीख यांची नोंद असे; मालकाची नोंदच नसे. फाइलवर जी मोजकी चिन्हे लावता येत त्यांत एक चिन्ह ‘हिडन’ हे होते. म्हणजे फाइल लपवता येई, ‘माझी’ म्हणता येत नसे. लपवलेली फाइल पुन्हा दिसू लागण्यासाठी एका चौकटीत एक खूण करणे पुरे होते. संगणक सुरू होताना पासवर्ड विचारणारी खिडकी येई, पण ‘कॅन्सल’ दाबले तरी आत जाता येत असे. दाराला कडी होती, भिंत नव्हती.

ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीने हे बदलले. ‘एनटीएफएस’ या पद्धतीने डिस्क तयार केलेली असेल तर प्रत्येक फाइलला मालक असे. खात्याला पासवर्ड लावला की तुमची कागदपत्रे खाजगी करायची का, असे यंत्र आपणहून विचारी. प्रत्यक्षात आम्ही वापरलेल्या बहुतेक संगणकांवर दुकानदाराने करून दिलेले एकच खाते असे, आणि ते सगळ्या घराचे असे. दुसरे खाते उघडणे म्हणजे वेगळी चूल मांडण्यासारखे वाटे. स्वतःच्या नावाला पासवर्ड लावणे ही उघड उघड घरावर अविश्वास दाखवण्याची कृती होती. त्यापेक्षा लपवणे सोपे होते. अशा रीतीने एका पिढीने ‘खाजगी’ आणि ‘लपवलेले’ हे समानार्थी शब्द म्हणून शिकून घेतले. ते समानार्थी नाहीत, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मराठीतला ‘खाजगी’ किंवा ‘खासगी’ हा शब्द जुन्या दरबारी व्यवहारात काय सांगत होता ते पाहू. राज्याचा वसूल व खर्च एकीकडे, आणि घराण्याचे स्वतःचे उत्पन्न व खर्च दुसरीकडे. या दुसऱ्या खात्याचे नाव खासगी. याचे ठळक उदाहरण होळकरांचे. १७३४ साली पेशव्यांकडून मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर मिळाली. पुढे हे उत्पन्न अहिल्याबाईंकडे आले, आणि देशभर त्यांनी बांधलेल्या घाट-मंदिरांचा संबंध याच खासगीशी जोडला जातो. या खासगीत गुप्त असे काही नव्हते. गावे ठाऊक होती, आकार ठाऊक होता. फक्त त्यावरचा अधिकार त्या स्त्रीचा होता आणि तो घराने मानलेला होता. एका मोठ्या एकत्र संसारात ‘हे माझे’ असे चारचौघांत म्हणण्याची सोय त्या शब्दात होती. धन आणि दौलत असलेल्या घरातली ही गोष्ट आहे हे खरे. कागदाच्या बाबतीत तशी सोय आपल्या समाजाने कोणाला दिली नाही, आणि म्हणून कागद राखण्याचे वेगळे मार्ग शोधावे लागले.

त्यांतला सर्वांत विलक्षण मार्ग शोधणाऱ्यांची एक खूण आपल्याच जिल्ह्यात आहे. भोकरदन तालुक्यात जयदेववाडीला ‘जाळीचा देव’ हे महानुभाव पंथाचे तीर्थस्थान आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे. लेखनाविषयीच्या दोन विरुद्ध वृत्ती या दोन गावांच्या नावाने सांगता येतात. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे असावे, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचता येणार नाही, इतक्या तपशिलात समर्थ जातात. लिहिलेले पुष्कळांच्या उपयोगी पडावे ही तिथली तळमळ आहे. महानुभावांनी याच्या उलट केले. त्यांनी आपले ग्रंथ इतरांना वाचताच येणार नाहीत अशा लिप्यांत लिहून ठेवले.

सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य अशी या लिप्यांची नावे आहेत. अक्षरांची अदलाबदल करायची, कुठे नवी चिन्हे योजायची, आणि त्यांची किल्ली पंथात दीक्षित झालेल्यांनाच द्यायची, अशी ही व्यवस्था. यातली गंमत अशी की या पंथाने भाषा मात्र मुद्दाम सर्वांची निवडली होती. केशोबासाने संस्कृतात प्रश्न केला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवले. संस्कृताचा आश्रय घेतला तर आपल्या साध्याभोळ्या बायाबापड्या नागवल्या जातील अशी त्यांची भूमिका ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेली आहे. ज्या पंथाने भाषेचे दार उघडे ठेवले त्याच पंथाने पुढे लिपीला कुलूप घातले. कारणे समजण्यासारखी आहेत. पंथावर टीका होती, ग्रंथांत परक्या हाताने फेरफार होण्याची धास्ती होती, आणि तत्त्वज्ञान अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये ही भावना होती. पोथी घरात, मठात, सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. तिचा अर्थ तेवढा आत असे. ही लपवाछपवी नव्हती. पोथी कोणाची हे सर्वांना ठाऊक होते.

असे सांकेतिक लेखन केवळ पंथांपुरते राहिले नाही. वर्ग आणि स्थान यांचे आकडे मांडून अक्षर सुचवणारी अंकपल्लवी, बोटांच्या खुणांची करपल्लवी, आणि ‘मला’चे ‘चलाम’ करणारी आमच्या लहानपणची ‘च’ची भाषा ही त्याच घराण्यातली भावंडे आहेत. ज्या घरात खोलीला दार नाही त्या घरात भाषेलाच दार करावे लागते.

या ओळीत आणखी एक नाव घालायला हवे, आणि ते आमच्या पिढीच्या संगणकावरचे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत टंकला जाई. प्रत्येक फाँटाने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट ज्या यंत्रावर नसेल तिथे कविता उघडली तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. फाँट काढून टाकला की फाइल आपोआप कुलूपबंद. आमच्या एका मित्राने आपली डायरी याच युक्तीने राखली होती: लिहायला बसताना फ्लॉपीवरून फाँट चढवायचा, उठताना उतरवायचा. आपण सकळ लिपीची परंपरा चालवतो आहोत याचा त्याला पत्ता नव्हता.

पासवर्डची कथा या सगळ्यापासून दूरची वाटते. ती कुटुंबात जन्मलेली नाही एवढे मात्र खरे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या पुढाकाराने १९६१ साली ‘सीटीएसएस’ ही प्रणाली दाखवण्यात आली. एकच महागडे यंत्र, त्यावर अनेक संशोधक, आणि प्रत्येकाच्या फाइली त्याच्यापुरत्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक परवलीचा शब्द. एका यंत्रावर अनेकांचा संसार, हीच ती बैठकीच्या खोलीतली परिस्थिती. हे कुलूप लगेच फुटलेही. १९६२ साली अॅलन शेर या संशोधकाने, आठवड्याला मिळणारे तास पुरेनात म्हणून, सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची फाइलच छापून घेतली. पुढे युनिक्स प्रणालीने प्रत्येक फाइलसाठी मालक, गट आणि इतर अशा तीन पायऱ्यांचे अधिकार ठरवले. मी, माझी माणसे आणि जग, अशी ही विभागणी आहे.

मराठी घराची अडचण नेमकी इथे होते. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत हेच मान्य नसते. जगापासून दडवणे योग्य, ‘आपल्या माणसां’पासून दडवणे म्हणजे पाप. शिवाय या सर्व प्रणालींत एक व्यवस्थापक असतो आणि त्याला कोणतेही दार उघडता येते. संस्थेत तो पगारी नोकर असतो, त्याला नियम असतात. घरात व्यवस्थापक कोण? ज्याने हप्ते भरले तो. जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘प्रायव्हेट फोल्डर’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम फुकट देऊ केला होता. पासवर्ड घातलेला एकच फोल्डर, एवढेच त्याचे काम. कंपन्यांच्या संगणक-व्यवस्थापकांनी तक्रार केली की कर्मचारी पासवर्ड विसरले तर आम्ही फाइली परत कशा मिळवायच्या? आठवड्याभरातच तो प्रोग्रॅम मागे घेण्यात आला. व्यवस्थापकाला न उघडणारे दार व्यवस्थेला सहन झाले नाही, असे याचे वर्णन करता येईल.

व्यवस्थेने दार दिले नाही तरी लिहिणाऱ्यांनी लिहिलेच, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा मराठी स्त्रियांच्या लेखनात आहे. रमाबाई रानडे १८७३ साली, अकराव्या वर्षी, रानड्यांच्या घरात आल्या. शिकण्याला नवऱ्याचा पाठिंबा होता, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा विरोध होता, आणि दिवसाचा काळ त्या बायकांच्या सत्तेत जाई. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचताना लक्षात येते की शिक्षणाची खरी लढाई पाटीपुस्तकापेक्षा जागेची आणि वेळेची होती. हे घर न्यायाधीशाचे होते. जिथे एवढाही आधार नव्हता तिथे काय झाले असेल?

त्याचे उत्तर फलटणच्या बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांच्याकडे मिळते. लहानसे दुकान चालवता चालवता, माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्या लिहू लागल्या. आपण लिहितो हे त्यांनी नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. नवऱ्याची मारहाण आणि संशय यांबद्दलही नंतर त्या मोकळेपणाने बोलल्या आहेत. फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे त्या वह्या बाहेर आल्या. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून लेखमाला आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक असा त्यांचा प्रवास झाला. आपण हे पुस्तक दलित स्त्रीचे आद्य आत्मकथन म्हणून शिकवतो, त्यातला ‘आम्ही’ हा सामूहिक आवाज वाखाणतो. पण हा सामूहिक आवाज वीस वर्षे एका बाईच्या एकटीच्या, कोणाला न दाखवलेल्या वहीत वाढला, ही गोष्ट टिपणांत येत नाही. ती वही वेळेआधी कोणी मोठ्याने वाचून दाखवली असती तर? आमच्या ओळखीची एक फाइल हसण्यावारी नेल्याने संपली होती. संशयाने पाहणाऱ्या घरात काय झाले असते याचा अंदाज करवत नाही.

तेव्हा खाजगीपण म्हणजे अपक्व लेखनाला लागणारी सावली असे म्हणता येईल. पण या सावलीची किंमतही असते, आणि ती लपवून आमचे प्रतिपादन पुरे होणार नाही. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या अखेरचे. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांना या लिप्यांची किल्ली मिळेपर्यंत वाङ्मयेतिहासकारांच्या दृष्टीने तो जवळजवळ नव्हताच. सहाशे वर्षे मराठी गद्याचा सगळ्यात घरगुती, सगळ्यात बोलका नमुना बंद पोथीत राहिला. राखला गेला हे खरे; वाचला गेला नाही हेही तितकेच खरे. मोडीचे दप्तर ज्या घरांत आजही माळ्यावर आहे त्या घरांची अवस्था याहून चमत्कारिक आहे. तिथे कोणी कुलूप घातले नव्हते. नातवंडांकडून किल्ली हरवली. आमच्या मित्राची डायरीही तशीच. फ्लॉपी खराब झाली, फाँट गेला, आणि ती फाइल आता त्यालाच वाचता येत नाही.

मग उपाय काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या निकालात प्रश्न मुख्यतः शासन आणि नागरिक यांच्यातला होता. तरी न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्रात एक इशारा आहे, तो आपल्या विषयाला फार जवळचा आहे: खाजगीपणाच्या नावाखाली घरातल्या स्त्रीवरच्या अन्यायावर पांघरूण घालता येणार नाही. म्हणजे ‘घराचे खाजगीपण’ आणि ‘घरातल्या व्यक्तीचे खाजगीपण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण जिवापाड जपतो. ‘घरातले बाहेर बोलू नये’ हे प्रत्येक मुलीला शिकवले जाते. दुसरीला मात्र आपल्या भाषेत अजून ‘लपवतेस कशाला?’ एवढेच उत्तर आहे.

आज घरातला एकुलता संगणक बहुतेक ठिकाणी गेला. त्या जागी मोबाइल आला, पण त्याचा ‘पॅटर्न’ भावाला ठाऊक असलाच पाहिजे हा दंडक कायम आहे. तंत्र आता पुरेसे आहे. कुलुपे पूर्वी कधी नव्हती इतकी मजबूत आहेत. कमी आहे ती गौतमाबाईंच्या खासगीमागे होती तशी उघड मान्यता. वही टेबलावर पडलेली असावी, ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असावे, आणि ती कोणी उघडू नये. हे कोणत्याही प्रणालीत बसवून मिळत नाही. ते घरातच शिकवावे लागते. निदान आत्मपर लेखनाचा स्वाध्याय देणाऱ्या आपल्यासारख्यांनी, लिहिलेले ठेवायचे कुठे याचा विचार त्या स्वाध्यायासोबत करायला हवा.

आमच्या विभागाच्या कपाटातले ते पान आम्ही तपासले, गुण दिले आणि घडी करून परत ठेवले. त्यात काय आहे ते इथे सांगणार नाही. पदवी मिळाल्यावर ती मुलगी ते न्यायला आली नाही. कपाटाची एक किल्ली आम्ही तिच्या नावाने बाजूला काढून ठेवली आहे.